भाड्याने देण्यासाठी जुना फ्लॅट विकत घेताय? दुरुस्तीचा आकडा टोकनच्या आधी काढा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडमध्ये १९९४ साली बांधलेल्या सोसायटीत तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावरचा दोन बीएचके. कार्पेट (भिंती सोडून आतली वापरायची जागा) ६४० चौरस फूट, दोन बाथरूम, लिफ्ट नाही, मागणी ७२ लाख. स्वतः राहायचं नाही, भाड्याने द्यायचाय. एजंट म्हणतो, "चार लाखांत चकाचक होईल." हा आकडा घर घेण्याआधी पडताळायचा कसा?

एजंटचे चार लाख खोटे नाहीत. रंग, फरशी, ओटा आणि वायरिंग धरलं तर आकडा तिथेच येतो. त्यात दोन्ही बाथरूम मात्र धरलेली नाहीत, आणि अशा फ्लॅटमध्ये सगळ्यात मोठा खर्च तिथेच असतो. जुन्या फ्लॅटच्या दुरुस्तीची कामं घेणारा माणूस म्हणून रोज बघतो: घेणारा हॉलमध्ये उभा राहून अंदाज बांधतो आणि पैसे संडासात जातात.

पुढे जे दर देतोय ते मध्यम प्रतीच्या कामाचे, पुण्यात पहिला अंदाज काढताना मी धरतो ते. तुमच्या भागातल्या दोन कंत्राटदारांना विचारून ते वरखाली करून घ्या. दर वर्षा-दोन वर्षांत बदलतात, मापं बदलत नाहीत. म्हणून टेप घेऊन जा आणि मापं स्वतः घ्या.

सगळ्यात आधी "चौरस फुटाला अमुक रुपये" हा हिशोब डोक्यातून काढून टाका. नव्या बांधकामाला तो चालतो, दुरुस्तीला चालत नाही. तुमचा फ्लॅट ६४० ऐवजी ८५० फुटांचा असता, पण बाथरूम दोनच असती, तर खर्च साधारण साठ-पासष्ट हजारांनीच वाढला असता, कारण वाढणार ती थोडी फरशी आणि थोडा रंग. उलट त्याच ६४० फुटांत एकच बाथरूम असतं तर जवळजवळ दीड लाख कमी लागले असते. म्हणजे खर्च ठरवतात त्या ओल्या जागा: बाथरूम किती, किचन केवढं, पाइप किती जुने. बाकी घर त्या मानाने स्वस्त.

आता एका बाथरूमचा हिशोब सविस्तर करू, कारण तो एकदा समजला की निम्मं काम झालं. समजा बाथरूम ५ बाय ८ फुटांचं आहे. चारही भिंतींची लांबी मिळून २६ फूट. सात फुटांपर्यंत टाइल लावायच्या तर १८२ चौरस फूट, त्यातून दार वजा केलं की १६५. जमिनीचे ४० मिळवले की २०५, आणि कापाकापीत वाया जाणाऱ्या टाइल धरून २२५ चौरस फूट माल. पन्नास रुपये दराने टाइलचे झाले फक्त अकरा हजार. दुकानात टाइल निवडण्यात लोक अख्खा रविवार घालवतात, पण बाथरूमच्या खर्चात टाइलचा वाटा दहा टक्केसुद्धा नसतो. लावण्याची मजुरी तेरा-चौदा हजार. जुनं तोडून राडारोडा खाली नेण्याचे वीस हजार. पाण्याची सीपीव्हीसी लाइन (गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाइप), सांडपाण्याची पीव्हीसी लाइन, नवा नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचा सांडपाण्याचा सापळा), मजुरीसकट पंचवीस हजार. वॉटरप्रूफिंग अठरा हजार. सिमेंट, वाळू, गिलावा बारा हजार. कमोड, बेसिन, नळ पंचवीस हजार. दार सात हजार, एक्झॉस्ट, आरसा आणि गिझरचा पॉइंट आठ हजार. बेरीज एक लाख चाळीस हजारांच्या आसपास जाते. यात चैन काहीच नाही.

"मग तोडायचंच कशाला? जुन्या टाइलवर नव्या लावू" हा पुढचा प्रश्न असतो. हॉलमध्ये खुशाल लावा. टाइल चिकटवायच्या अॅडेसिव्हने टाइलवर टाइल व्यवस्थित बसते, लेव्हल अर्धा-पाऊण इंच वर येते, दारं खालून तासावी लागतात, एवढंच. बाथरूममध्ये मात्र खालचं वॉटरप्रूफिंग आणि तीस वर्षांचे पाइप तसेच राहतात. नव्वदच्या दशकातल्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे, कोबा (काँक्रीटचा थर) आणि पाइप असतात. एकदा त्यात पाणी मुरायला लागलं की खालच्या घराच्या छताला डाग पडतात. तुम्ही भाडेकरू ठेवून मोकळे होता आणि सहा महिन्यांनी खालचे काका सेक्रेटरीला घेऊन येतात. संडास-बाथरूममधून खाली होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) त्या सभासदाच्याच खर्चाने होते. मग नव्या टाइल फोडाव्या लागतात, शिवाय भाडेकरू घरात असताना.

म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा आधी खालच्या मजल्यावर जा. दार वाजवा, वरचा फ्लॅट घेतोय म्हणून सांगा आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्या अशी विनंती करा. बहुतेक लोक आनंदाने दाखवतात. कित्येकांनी तर हीच तक्रार घेऊन मालकामागे वर्षानुवर्षं खेटे घातलेले असतात, ते स्वतःहून सगळा इतिहास सांगतात. दोन मिनिटांच्या या भेटीत जे कळतं ते एजंटच्या दहा फेऱ्यांत कळत नाही.

वर आल्यावर बाथरूमच्या जमिनीवर बादलीभर पाणी ओता आणि ते नहाणीकडे किती वेळात जातं ते पाहा. टाइलवर नाण्याने टकटक करा, आवाज पोकळ आला तर मागचा माल सुटलाय. सगळे नळ एकदम सोडा. धार बारीक होत असेल तर जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांना आतून गंज चढलाय, आणि बोअरचं जड पाणी असेल तर जवळपास नक्कीच. बाथरूमच्या पलीकडच्या खोलीत, म्हणजे बहुधा बेडरूमच्या कपाटामागे, भिंतीच्या तळाशी फूट-दीड फूट रंग फुगलाय का ते पाहा. अख्ख्या घराचा रंग जुना आणि एकाच भिंतीचा ताजा असेल तर ती भिंत का रंगवली ते विचारा. आणि माळ्यावर चढा. माळ्याच्या आत कोणी रंग देत नाही, त्यामुळे घराचं खरं वय तिथे दिसतं.

तुमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर आहे, म्हणून छताबद्दल थोडं जास्त. साधा ओलीचा डाग असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. गच्चीतून गळणारं पावसाचं पाणी आणि त्यामुळे खराब झालेलं शेवटच्या मजल्यावरच्या घराचं छत, दोन्हीची दुरुस्ती उपविधींप्रमाणे सोसायटीने करायची असते. पण तुमचा प्रश्न 'कोणी करायची' एवढाच नाही, 'केव्हा होणार' हाही आहे. वर्गणी काढायला सर्वसाधारण सभा, सभेत वाद, वादात एक पावसाळा जातो, आणि तोवर तुम्ही दिलेला रंग निघून येतो. सोसायटीच्या दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे हे ताळेबंदात दिसतं, विक्रेत्याला तो मागा. गच्ची दुरुस्त झाल्याशिवाय छताला पुट्टी लावू नका.

डाग वेगळा आणि सळया वेगळ्या. छतावर समांतर रेषांत भेगा असतील, त्यातून तांबूस गंज ओघळला असेल, पोपडे पडून सळई दिसत असेल, तर स्लॅबमधलं लोखंड गंजायला लागलंय. हे रंगाऱ्याचं काम नाही आणि माझ्यासारख्या कंत्राटदारानेही ते डोळ्यांनी बघून आकडा सांगू नये. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन आणा आणि मगच पुढचं बोला. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुमची इमारत तीस ओलांडून गेलीय. शेवटचा अहवाल मागा. "आमच्याकडे तसलं काही नसतं" असं उत्तर आलं तर तेही एक उत्तरच आहे.

विजेचं लवकर आटोपतो. मीटरजवळचा बोर्ड उघडून बघा. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज दिसले तर सगळं वायरिंग नवीन धरा, अर्धंमुर्धं नको. जुन्या तारा त्या काळच्या पंखा-ट्यूबसाठी होत्या, आजच्या भाडेकरूला एसी, गिझर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन सगळं हवं असतं. एसी-गिझरला बोर्डापासून स्वतंत्र जाड तार लागते. दोन बीएचकेला ४५ ते ५० पॉइंट होतात, पॉइंटला हजार धरा. एमसीबी (फ्यूजऐवजी बसवायचे स्विच), आरसीसीबी (शॉक बसू लागला की वीज तोडणारा स्विच), पंखे-दिवे धरून पाऊण लाख. वायरिंग आधी, रंग शेवटी हा क्रम तुम्हाला माहीत असेलच, पण विक्रेत्याने विकण्याआधी नुकताच रंग काढलाय म्हणून जास्त पैसे मागितले तर त्या रंगाची किंमत शून्य समजा, कारण भिंती कोरायच्याच आहेत.

रंगाचं माप सोपं. भिंती आणि छत मिळून कार्पेटच्या तीन ते साडेतीनपट. तुमच्याकडे २२०० चौरस फूट धरा. खरवडणं, पुट्टी, प्रायमर, दोन हात साधं इमल्शन, फुटाला २८ रुपये, म्हणजे साठ-बासष्ट हजार, आणि दारं-ग्रिलचा ऑइलपेंट धरून पाऊण लाख. दारांच्या चौकटी तळाशी किल्लीने टोचून बघा, किल्ली आत गेली तर वाळवी आहे.

आता ज्याचा हिशोब जवळपास कोणीच करत नाही ते: राडारोडा आणि जिना. बाथरूम सोडून बाकी घराची फरशी साधारण ५६० चौरस फूट. जुनी फरशी आणि खालचा माल मिळून पावणेतीन इंच जाडी धरली तर १३० घनफूट भरतात. दोन्ही बाथरूमचा खड्डा, टाइल आणि गिलावा मिळून आणखी १२०. फोडल्यावर हा माल फुगतो, दीडपट होतो. म्हणजे पावणेचारशे घनफूट, जवळपास पावणेचार ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सिमेंटच्या पोत्यात सव्वा घनफूट मावतं, म्हणजे तीनशे पोती. तीनशे पोती तीन मजले खांद्यावरून उतरवायची, आणि वाळू, सिमेंट, टाइल तितकेच मजले चढवायची. लिफ्ट असलेल्या सोसायटीतही ती सामानाला वापरू देतातच असं नाही. म्हणून कंत्राटदाराचं कोटेशन आलं की त्यात "तोडफोड" आणि "राडारोडा बाहेर टाकणे" या ओळी वेगळ्या आहेत का ते बघा. नसतील तर त्या नंतर तोंडी वाढतात. तिसऱ्या मजल्यामुळे मी हॉलची जुनी फरशी शक्यतो फोडतच नाही. वरून टाइल लावली की पोत्यांचा आकडा निम्म्यावर येतो. अर्थात जुनी फरशी पोकळ वाजत नसेल तरच.

सोसायटीलाही विचारून घ्या: दुरुस्तीसाठी अनामत किती, कामाच्या वेळा काय. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, रविवारी पूर्ण बंद, असे नियम असले की सहा आठवड्यांचं काम नऊ आठवडे चालतं. बाल्कनी बंद करून हॉल वाढवलेला असेल तर मंजूर नकाशा मागा आणि तो भाग मोजमापात धरू नका.

सगळं एकत्र केलं तर तुमच्या फ्लॅटचं चित्र असं दिसतं. रंग ७५ हजार. फरशी, जुनी फोडून, १ लाख १० हजार. किचन, म्हणजे ग्रॅनाइटचा ओटा, सिंक, वरच्या टाइल, स्टीलच्या ट्रॉल्या, १ लाख १० हजार. वीज ७५ हजार. इथपर्यंत ३ लाख ७० हजार झाले, म्हणजेच एजंटचे चार लाख. पुढे दोन बाथरूम २ लाख ८० हजार, स्लायडिंग खिडक्या ४५ हजार, दारांची दुरुस्ती आणि सेफ्टी डोअर २० हजार. बेरीज ७ लाख १५ हजार. जुन्या घरात भिंत उघडल्यावर काहीतरी निघतंच, त्यासाठी १५ टक्के बाजूला ठेवा. १९८० च्या आधीची इमारत असती तर मी २५ सांगितले असते. म्हणजे सव्वाआठ लाख. पक्कं बिल घेतलंत तर कंत्राटदार जीएसटी लावेल, त्याचा दर कोटेशनच्या वेळीच विचारा.

शिवाय घर रिकामं राहण्याचा खर्च. लोक इथे गृहकर्जाचं व्याज धरतात. व्याज तुम्ही तसंही भरणारच आहात, दुरुस्तीमुळे बुडतं ते भाडं. तीन महिने, २४ हजारांनी, म्हणजे ७२ हजार. एकूण नऊ लाखांच्या घरात.

आता खरा प्रश्न: हे सगळं करायचं का? समजा फ्लॅट आहे तसा थोडा पुसून दिला तर १९ हजार भाडं येतं, आणि सगळं केल्यावर २४. फरक महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ. सव्वाआठ लाख वसूल व्हायला तेरा-चौदा वर्षं लागतील, आणि तोवर पुन्हा रंग, पुन्हा नळ. फक्त वाढीव भाड्याकडे बघून संपूर्ण दुरुस्ती कधीच परवडत नाही, हे आधी मान्य करा. मग ठरवणं सोपं जातं. पाणी, सांडपाणी आणि वीज यात काटकसर नको, कारण तिथे वाचवलेला रुपया भाडेकरू पळवून लावतो. फॉल्स सीलिंग, वॉलपेपर, भिंतभर टीव्ही युनिट यांना एक पैसाही नको. फरशी पायाला टोचत नसेल तर पॉलिश करून ठेवा. मोझॅक असेल तर नक्कीच, चांगलं पॉलिश केलेलं मोझॅक अनेक नव्या टाइलपेक्षा देखणं दिसतं, पण हे माझं वैयक्तिक प्रेम समजा. किचनमध्ये ओटा चांगला असेल तर फक्त सिंक, नळ आणि ट्रॉल्या. असं केलं की तुमचा आकडा साडेपाच लाखांवर येतो, भाड्यात फार तर हजार-दीड हजारांचा फरक पडतो.

त्याहीआधी एक चौकशी करा: सोसायटीत पुनर्विकासाचं काय चाललंय? तीस वर्षांची, तीन मजली, लिफ्ट नसलेली कोथरूडची इमारत म्हणजे बिल्डर बघून गेलेला असणारच. २०१९ पासून महाराष्ट्रात पुनर्विकासासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, त्यामुळे 'अजून सगळे तयार नाहीत' याला फार अर्थ उरलेला नाही. मागच्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागा. ठराव झाला असेल किंवा निविदा मागवल्या असतील तर हे घर तीन-चार वर्षांत पडणार आहे. मग नव्या बाथरूमचं गणितच संपतं. गळती थांबवा, वीज सुरक्षित करा, एक हात रंग द्या, दोन लाखांत भागवा. फ्लॅट घेण्याचा निर्णय मग नव्या जागेच्या हिशोबाने करायचा, तो विषय वेगळा.

पैशांची सोयही आत्ताच बघा, कारण घर घेण्याच्या गृहकर्जात दुरुस्तीचा खर्च सहसा धरत नाहीत. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाहीत. ७२ लाखांवर तुमचे १४ लाख ४० हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ५ लाख ४ हजार. घर बाईच्या नावावर घेतलंत तर एक टक्का सवलत आहे, म्हणजे ७२ हजार वाचतात, एका घराचा रंग जवळपास त्यातच निघतो. नोंदणी ३० हजार, एजंटचा एक टक्का ७२ हजार, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क कमाल २५ हजार. हे झाले २० लाख ७१ हजार. वर दुरुस्तीचे सव्वाआठ मिळवा (बुडालेलं भाडं खिशातून जात नाही). खिशातून एकोणतीस लाख निघणार आहेत, आणि त्यातले शेवटचे सव्वाआठ वैयक्तिक कर्जावर काढायची वेळ आली तर भाड्याचं सगळं गणित उलटं होतं.

शेवटी किंमत. दुरुस्तीचे सगळे सव्वाआठ लाख मागणीतून वजा करायला गेलात तर विक्रेता हसेल, आणि त्याचं बरोबर असेल. जुना रंग, जुना ओटा, जुनी फरशी ही त्या किमतीत धरलेलीच असतात, म्हणून तर तो फ्लॅट शेजारच्या नव्या इमारतीपेक्षा स्वस्त आहे. मागायचं ते न दिसणाऱ्या गोष्टींसाठी: खालच्या घरात उतरलेली गळती, गंजलेले पाइप, किटकॅट फ्यूजचं वायरिंग, छताची ओल. खालच्या बाथरूमच्या छताचा फोटो, कंत्राटदाराचं लेखी कोटेशन, हे समोर ठेवून बोला. तुमच्या जागी मी दोन बाथरूम आणि वायरिंगचे मिळून साडेतीन लाख मागितले असते, म्हणजे सुरुवात साडेअडुसष्टपासून, आणि सत्तरच्या वर गेलो नसतो. गच्चीची दुरुस्ती सोसायटीने मंजूर केलेली नसेल तर एकोणसत्तरच्या वर नाही.

टोकन देताना कागदावर एक ओळ घालून घ्या: इंजिनिअरच्या तपासणीत सळयांचा दोष निघाला, किंवा सोसायटीची थकबाकी निघाली, तर टोकन परत. विक्रेता ही ओळ लिहायला तयार नसेल तर त्याच किमतीत त्या रस्त्यावर दुसरे फ्लॅट आहेत.